हायस्कूल टेनिस आणि शाळेच्या भिंतीवरचं नाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये जिमकडे जाणाऱ्या बोळात एक भिंत आहे. तिच्यावर ओळीनं पितळी पट्ट्या, आणि प्रत्येकीवर नाव, खेळ, शाळा सोडल्याचं साल. फुटबॉलच्या पट्ट्या मोजायचा कंटाळा येईल इतक्या, टेनिसच्या मात्र दोन हातांच्या बोटांवर मावतील एवढ्याच. या भिंतीसाठी नावं निवडणाऱ्या समितीवर मी गेली चार वर्षं पालक म्हणून बसते. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत मोदकांचं ताट धरून उभी असले तरी कोणी ना कोणी गाठतंच, "आमच्या पोराचं नाव लागेल का हो तिथे?" तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

शाळेचं 'हॉल ऑफ फेम' म्हणजे नेमकं काय?

शाळेनं आपल्या माजी विद्यार्थ्यांचा केलेला कायमचा गौरव. आपल्याकडे बोर्डात आलेल्यांची नावं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लाकडी फलकावर पांढऱ्या रंगात लिहायचे, त्याचाच हा खेळातला भाऊबंद. काही ठिकाणी तो फक्त खेळाडूंचा असतो, काही ठिकाणी कलाकार, शास्त्रज्ञ, सैनिक सगळे एकाच भिंतीवर. चालवणारेही वेगवेगळे असतात. कुठे शाळेचा क्रीडा विभाग, कुठे माजी विद्यार्थी संघ, कुठे पाच-सहा निवृत्त शिक्षक आणि एक कॉफीचं मशीन.

न्यूपोर्टला आहे तेच का हे?

नाही. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला आहे ते आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेम. २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातला आपला लिअँडर पेस तिथे दाखल झाले. तिथे जागतिक कारकीर्द बघतात. शाळेच्या भिंतीला एवढंच कळतं की आमच्या शर्टात तू काय केलंस.

मुलगा अजून अकरावीत आहे, पण राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. यंदाच अर्ज करू का?

थांबा. बहुतेक शाळांत बाहेर पडल्यावर ठरावीक वर्षं जाऊ द्यावी लागतात, सहसा पाच किंवा दहा. शिकत असताना मिळतो तो मान वेगळा. मुख्य संघाकडून पुरेसे सामने खेळलेल्या मुलांना शाळेच्या आद्याक्षराचं कापडी अक्षर मिळतं. त्याला 'व्हर्सिटी लेटर' म्हणतात आणि ते जाकिटावर शिवून घेतात. आमच्या घरी ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, कारण जाकीट घ्यायला चिरंजीव तयार नाहीत. 'जुनं दिसतं' म्हणे.

म्हणजे कॉलेजच्या प्रवेशाला याचा उपयोग नाही?

शून्य. पट्टी लागेपर्यंत मुलगा नोकरीला लागलेला असतो.

हायस्कूलचं टेनिस खेळतात कसं? आम्हाला टीव्हीवरचं तेवढं माहीत.

टीव्हीवर एकटा माणूस जिंकतो किंवा हरतो. इथे शाळा जिंकते किंवा हरते, आणि सगळा जीव त्यात आहे. न्यू जर्सीत एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने असतात. पाचांपैकी तीन ज्याचे, लढत त्याची. मिशिगनमध्ये चार एकेरी, चार दुहेरी. टेक्सासच्या सांघिक हंगामात मुलं-मुली एकाच संघात असतात, आणि मिश्र दुहेरीचा एक धरून एकूण १९ सामने होतात. दक्षिण कॅलिफोर्नियात तर सामने नव्हे, सेट मोजतात. तीन एकेरी खेळाडू समोरच्या तिघांशी आळीपाळीनं एकेक सेट खेळतात, तीन दुहेरी जोड्यांचंही तसंच, म्हणजे १८ सेट. त्यामुळे कोणी 'माझी मुलगी वर्षभर अपराजित होती' म्हटलं की समितीत पहिला प्रश्न येतो, कुठल्या राज्यात आणि कितव्या क्रमांकावर? पहिली एकेरी खेळणाऱ्या मुलीला दर लढतीत समोरच्या शाळेची सर्वांत तगडी खेळाडू भेटते. तिसऱ्या क्रमांकावर अपराजित राहणं सोपं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. समितीत एकदा म्हणाले होते, तेव्हा एका आजोबांनी मला पाऊण तास समजावलं.

हंगामही राज्यागणिक बदलतो. आमच्याकडे मुली पानगळीच्या दिवसांत खेळतात आणि मुलगे वसंतात. एप्रिलमध्ये बोटं आखडलेली असतात, वारा असा की सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू शेजारच्या कोर्टाकडे निघतो.

आणि एक गोष्ट भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पटतच नाही. पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानं पुकारायचं. माझे सासरे पहिल्यांदा सामना बघायला आले तेव्हा दहा मिनिटं पंचाची खुर्ची शोधत होते. मग म्हणाले, "म्हणजे चोर आणि शिपाई एकच?" तसंच. पण सोळा वर्षांचं पोर हरत असताना स्वतःच्या तोंडानं प्रतिस्पर्ध्याला 'आत होता' म्हणतं, ते बघायला मी अजूनही कुंपणाशी उभी राहते.

खरे चांगले खेळाडू शाळेकडून खेळतात तरी का?

काही खेळतात, बरेच नाही. ज्यांचं लक्ष राष्ट्रीय क्रमवारीवर आहे ती मुलं वर्षभर स्पर्धा फिरतात. कित्येक जण अकादमीत राहून ऑनलाइन शाळा करतात, त्यांना शाळेची बस आणि सांघिक सामने परवडत नाहीत. त्यांचं पंढरपूर म्हणजे कॅलमझू. मिशिगनमधल्या या गावी १९४३ पासून मुलांची राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा होते, आणि १८ वर्षांखालील एकेरी जिंकणाऱ्याला यूएस ओपनच्या मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. ती ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुट्टीत, म्हणून दोन्ही सांभाळणारे थोडे तरी उरतात.

यातून भिंतीची एक गंमत होते. गावातला सर्वांत मोठा खेळाडू भिंतीवर नसतो, कारण तो शाळेकडून खेळलाच नाही. आणि त्याच्याकडून ६-१, ६-१ हरणारा मुलगा असतो, कारण चार वर्षं रोज साडेतीनला कोर्टावर हजर होता. मला यात अन्याय वाटत नाही. काही पालकांना वाटतो, आणि ते मला पार्किंगमध्ये गाठून सांगतात.

शाळेतून पुढे आलेला एखादा मोठा खेळाडू सांगा ना.

आर्थर अ‍ॅश. नाव न्यूयॉर्कच्या स्टेडियममुळे सगळ्यांना माहीत आहे, शाळेची गोष्ट फार थोड्यांना.

जन्म १० जुलै १९४३, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. वडील ब्रुकफील्ड नावाच्या पार्कचे रखवालदार. हे पार्क कृष्णवर्णीयांसाठी वेगळं ठेवलेलं, आणि अ‍ॅश कुटुंबाचं घर त्या पार्कातच. म्हणजे पोरानं दार उघडलं की समोर टेनिस कोर्ट. आई तो सहा वर्षांचा असताना गेली. रॉन चॅरिटी नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूनं त्याच्या हातात पहिल्यांदा नीट रॅकेट धरून दिली, आणि १९५३ पासून उन्हाळ्यात तो व्हर्जिनियातल्याच लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्या घरी शिकायला जाऊ लागला. डॉक्टरांच्या घराशेजारीच कोर्ट होतं. त्यांचा एक नियम वर सांगितलेल्या पुकारण्याशी जोडलेला आहे. समोरच्याचा चेंडू रेषेच्या जरासा बाहेर पडला, तरी तो आत धरायचा आणि खेळत राहायचं. कारण उघड होतं. गोऱ्यांच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय मुलानं 'बाहेर' म्हटलं की भांडण व्हायला निमित्त मिळणार, आणि दारं पुन्हा बंद होणार.

रिचमंडमध्ये तो मॅगी एल. वॉकर हायस्कूलचा विद्यार्थी. पण शहरातल्या गोऱ्यांच्या कोर्टांवर त्याला पाय ठेवता येत नव्हता, हिवाळ्यात बंदिस्त कोर्ट मिळत नव्हतं, आणि गोऱ्या मुलांशी सामने होत नव्हते. म्हणून शेवटच्या वर्षासाठी, १९६० मध्ये, त्याला सेंट लुइसला पाठवलं. तिथे तो रिचर्ड हडलिन या शिक्षक-प्रशिक्षकांच्या घरी राहिला आणि सम्नर हायस्कूलमध्ये शिकला. सेंट लुइसच्या बंदिस्त कोर्टाची जमीन लाकडी. तिच्यावर चेंडू सुसाट निघतो, मागे उभं राहून टोलवत बसायला वेळच मिळत नाही. मातीच्या संथ कोर्टावर वाढलेल्या मुलाला जोरदार सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणं शिकावंच लागलं. १९६१ मध्ये त्यानं सम्नरच्या नावावर राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धा जिंकली. तोवर त्या स्पर्धेचा दरवाजा कृष्णवर्णीय मुलांना बंद होता, तो उघडावा म्हणून डॉ. जॉन्सन यांनी खेटे घातले होते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाची शिष्यवृत्ती, १९६८ ची यूएस ओपन, १९७० ची ऑस्ट्रेलियन, १९७५ ला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सवर ६-१, ६-१, ५-७, ६-४.

मग अ‍ॅश कुठल्या शाळेचा म्हणायचा?

हा प्रश्न मला आवडतो, कारण आपल्या लोकांचा अगदी जिव्हाळ्याचा आहे. बाबांची नोकरी बदलली की आपली पोरं नववी एका राज्यात, दहावी दुसऱ्यात आणि बारावी तिसऱ्यात करतात.

बहुसंख्य शाळांचा नियम असा की हायस्कूल पूर्ण केल्याची पदविका ज्या शाळेची, माजी विद्यार्थी त्या शाळेचा. त्या हिशेबानं अ‍ॅश सम्नरचा, जरी तिथे तो एकच वर्ष होता. सम्नरही काही साधी शाळा नव्हे. १८७५ मध्ये सुरू झालेली, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची कृष्णवर्णीयांची पहिली हायस्कूल. चक बेरी, टीना टर्नर, ऑपेरा गायिका ग्रेस बम्ब्री हे तिथलेच. पटसंख्या घटल्यामुळे काही वर्षांपूर्वी ती बंद करायच्या यादीत आली होती. माजी विद्यार्थी आणि आसपासचे लोक उभे राहिले आणि २०२१ मध्ये तो घाट टळला. अशा शाळेच्या यादीतलं प्रत्येक नाव शाळा वाचवायलाही कामाला येतं.

रिचमंडनं हात आखडता घेतला असं नाही. १९९३ मध्ये अ‍ॅश गेला तेव्हा पार्थिव गव्हर्नरच्या निवासस्थानी दर्शनाला ठेवलं होतं. १९९६ मध्ये पुतळा उभारला, तोही मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर, जिथे तोवर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्यांचेच पुतळे होते. त्यावरून केवढा वाद झाला! आज ते बाकीचे पुतळे रस्त्यावरून हटले आहेत, अ‍ॅश उभा आहे. हातात रॅकेट आणि पुस्तकं, भोवती मुलं. २०१९ मध्ये शहरातल्या एका मोठ्या रस्त्यालाही त्याचं नाव दिलं.

शाळाच बंद पडली तर?

मग भिंत जाते. अल्थिया गिब्सनचं तसंच झालं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेली, शाळा सोडून दिलेली मुलगी. १९४६ मध्ये दोन डॉक्टरांनी तिला एकप्रकारे वाटून घेतलं. शाळेचं वर्ष नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला डॉ. ह्यूबर्ट ईटन यांच्या घरी, उन्हाळा लिंचबर्गला, वर आलेल्या त्याच डॉ. जॉन्सन यांच्याकडे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती विलिस्टन इंडस्ट्रियल हायस्कूलमध्ये बसली, आपल्यापेक्षा बऱ्याच लहान मुलांच्या वर्गात. शहरातली सार्वजनिक कोर्ट तिला बंद, म्हणून सराव ईटन यांच्या घरच्या कोर्टावर. १९४९ मध्ये ती पास झाली, १९५० मध्ये न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली, आणि १९५७ व १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डन तिनंच जिंकलं.

विलिस्टन १९६८ मध्ये हायस्कूल म्हणून बंद झाली. शाळांतला वर्णभेद संपवायचा म्हणून गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळांत आणलं, त्यात बळी गेला कृष्णवर्णीयांच्या आवडत्या शाळेचा, आणि ते दुःख तिथले जुने विद्यार्थी आजही बोलून दाखवतात. शहरानं मग एम्पी पार्कमधल्या कोर्टांना अल्थिया गिब्सनचं नाव दिलं. ज्या शहरात तिला सार्वजनिक कोर्टावर खेळता आलं नाही, तिथे आता सार्वजनिक कोर्टांवर पाटी तिची आहे. २०२५ मध्ये तर पाव डॉलरच्या नाण्यावरही ती आली. मी ते नाणं शोधत असते, सुटे पैसे हातात आले की उलटून बघायची सवयच लागली आहे.

जुन्या पट्ट्यांमध्ये मुली इतक्या कमी का?

कारण शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा येईपर्यंत मुलींच्या खेळावर पैसे खर्च करायचं बंधन शाळांवर नव्हतं. संघ नाही, तर नोंद नाही. नोंद नाही, तर नामांकन कशाच्या जोरावर करणार?

बिली जीन किंगचं उदाहरण घ्या. तीही १९४३ चीच, तिनंही १९६१ मध्येच हायस्कूल संपवली, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच पॉलिटेक्निकमधून. त्याच उन्हाळ्यात, सतरा वर्षांची असताना, कॅरन हँट्झबरोबर तिनं विम्बल्डनची दुहेरी जिंकली. अ‍ॅशला यूसीएलएची शिष्यवृत्ती मिळाली. विम्बल्डन विजेती बिली जीन मात्र लॉस एंजेलिसच्या स्टेट कॉलेजात शिष्यवृत्तीशिवाय शिकली, कारण मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नव्हते. आज यूएस ओपनचं सगळं संकुल तिच्या नावाचं आहे आणि त्यातलं सर्वांत मोठं स्टेडियम अ‍ॅशच्या. लाँग बीचनं २०१९ मध्ये आपलं मुख्य ग्रंथालयही तिच्या नावे केलं.

म्हणून १९७० च्या आधी शिकलेली एखादी बाई सुचवायची असेल तर कमी कागद बघून नाक मुरडायचं नाही, असं आमच्या समितीत मी भांडून लिहून घेतलं.

प्रशिक्षकाचं नाव लागतं का?

लागतं, आणि लागायलाच हवं. वरच्या गोष्टींतून हडलिन, ईटन, जॉन्सन काढून टाका आणि काय उरतं बघा.

नामांकन कसं करायचं? कागद काय लागतात?

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण घोडं इथेच पेंड खातं. समिती आपणहून कोणाला शोधत नाही. कोणीतरी अर्ज भरतो तेव्हाच नाव टेबलावर येतं. माझ्या अंदाजानं भिंतीवरची निम्मी माणसं खेळामुळे आहेत आणि निम्मी चिकाटीच्या मित्रामुळे.

आपल्या मराठी घरांत अडचण अशी की स्वतःच्या पोराचा अर्ज स्वतः भरायला संकोच वाटतो. तो रास्तच आहे, पालकानं भरूही नये. दुहेरीतला जुना जोडीदार, प्रशिक्षक, नाहीतर मागच्या बाकावरचा मित्र, कोणीही चालतो. तुम्ही फक्त कागद जपा. वर्षवार जय-पराजय आणि खेळलेला क्रमांक, विभागीय आणि राज्य स्पर्धेतल्या फेऱ्या, कर्णधारपद, स्थानिक पेपरातली कात्रणं, वार्षिकांकातली पानं. फोटोच्या मागे पेन्सिलीनं साल आणि नावं लिहा. मोबाइलमधल्या फोटोंवर भिस्त ठेवू नका, फोन बदलतो. शाळेकडे सगळं असेल अशी आशाही नको. गावचं साप्ताहिक बंद पडतं, जुनी वेबसाइट नवी करताना दहा वर्षांचे निकाल उडतात, तळघरात पाणी शिरतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे १९८० च्या दशकातल्या एका खेळाडूचा अर्ज आला. शाळेत तिची एक ओळ सापडेना. शेवटी निवृत्त प्रशिक्षकांच्या गॅरेजमध्ये बुटांच्या खोक्यात स्पायरल वह्या निघाल्या. एका वहीला तेलाचा डाग, पानं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक लढतीचा गुणफलक पेन्सिलीनं, आणि समासात एकेक शब्द : 'वारा', 'ताप होता', 'दुसरा सेट छान'. त्या समासांवर तिचं नाव मंजूर झालं.

समारंभ कसा असतो? शाल-श्रीफळ?

शाल नाही, श्रीफळ नाही, हार तर नाहीच. गावातल्या हॉलमध्ये जेवण असतं, चिकन नाहीतर पास्ता, शाकाहारी असाल तर आधी कळवा. प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला मिळतात आणि कोणी पाळत नाही. कुठे कुठे फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर उभं करून नाव पुकारतात. आजी-आजोबांना आणायचं असेल तर जेवणाला आणा, मैदानावर थंडी वाजते.

भारतात असं काही आहे का?

फलक असतात, सत्कारही होतात, पण शालेय संघाकडून टेनिस खेळायची रीतच आपल्याकडे विरळ. मुलं क्लबात आणि अकादमीत घडतात. शिवाय सत्कार होतो तो पदक आल्यावर. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलेली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळलेली आहे. म्हणजे सांघिक टेनिसची ही अमेरिकी वाट आपल्या मुलींनाही माहीत आहे, पण ती कॉलेजपासूनची.

पट्टीवर आडनाव चुकीचं कोरलं तर?

कोरायच्या आधी कच्चा नमुना मागून घ्या आणि घरातल्या दोघांनी वाचा. एका शाळेत आमच्या ओळखीतल्या मुलीच्या आडनावात एक 'एच' जास्तीचा पडला. पट्टी बदलायला आठ महिने लागले. तोवर तिच्या आजीनं पुण्याहून दर रविवारी फोन करून विचारलं, "काढला का गं तो एच?" जुनी पट्टी शाळेनं तिलाच देऊन टाकली. आता ती आजीच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेली आहे, चुकीच्या एचसकट.